सव्वानऊच्या गाडीचा डबा

७ जुलै, सोमवार

वसतिगृहाची वर्षाची फी पासष्ट हजार, असं माहितीपुस्तिकेत छापलंय. खरा खर्च असा. फी पासष्ट हजार. मेस सक्तीची, तिचे अडतीस हजार वेगळे, खा न खा. गादी अडीच हजार, कारण विद्यापीठाची गादी हातानं दाबून बघितली तर खालचा पत्रा बोलला. बादली, प्लास्टिकचा मग, कपडे वाळत घालायची दोरी. कुलपं दोन, एक कपाटाला आणि एक बादलीला; हे दुसरं तिथल्याच एका जुन्या पोरीनं सुचवलं. आणि सांगली ते शिराळा या परतीच्या दोन तासांत बायको, संयोगिता, माझ्याशी एक शब्द बोलली नाही. हे कुठल्या रकान्यात धरायचं ते कळेना.

ही डायरी तांब्याच्या तारेच्या एजंटानं जानेवारीत दिलेली, कोरीच पडून होती. आता लेकीचं, शिवांजलीचं, टेस्टिंग सुरू झालंय, तर नोंद ठेवतो. बी.सी.ए.चं पहिलं वर्ष. ठरलं ते असं: दिवाळीपर्यंत वसतिगृह. पोरीला मानवलं तर तिथंच. नाही तर साताऱ्याला मामाच्या घरी राहायचं आणि तिथल्या कॉलेजात जायचं. मामा म्हणजे संयोगिताचा थोरला भाऊ आप्पासो, पलटणीतून सुभेदार होऊन आलेला. त्याच्या घरात तुळससुद्धा सावधानमध्ये उभी असते. शिवांजलीला मामाचं नाव काढलं की ताप येतो. निघताना माझा हात धरून म्हणाली, "पप्पा, मला इथंच राहायचंय. काहीही झालं तरी."

पुस्तिकेत 'चोवीस तास गरम पाणी' असंही आहे. चोवीस तास खरे, पण ते कुठले, हे लिहिलेलं नाही.

९ जुलै, बुधवार

डब्याची लाइन जोडली.

अठ्ठावीस वर्षं मोटारी भरतोय, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळतोय. तालुक्यातल्या निम्म्या विहिरींवरची मोटर कधी ना कधी माझ्या हातून गेलीय. जळकी मोटर दारात यायच्या आधी फोनवर आवाज ऐकून सांगतो, बेरिंग गेलंय का बुश. अशा माणसाच्या पोरीनं अडीचशे जणींच्या पातेल्यातलं वरण खायचं?

सव्वानऊच्या शिराळा–सांगली गाडीचा कंडक्टर धुळा. त्याच्या चुलत्याची मोटर माझ्याकडंच असते.

"मिस्त्री, डबा बॉनेटवर ठिवतो, गरम ऱ्हाईल," तो म्हणाला. "पर मेस भरलीया म्हणताय, मग डबा कशाला वो?"

"मेस भरलीया विद्यापीठासाठी. डबा पोरीसाठी."

सांगली स्टँडावरून वसतिगृहापर्यंत पोहोचवायला रंगूबाई. वसतिगृहातली झाडलोट बघणारी मावशी, पासष्टीची, राहायला स्टँडाच्या मागं. बाराला तिची ड्यूटी सुरू होते. येताना डबा आणायचा, दुसऱ्या दिवशी रिकामा धुळाच्या हातात द्यायचा. मी तिला महिन्याचं ठरवून दिलं. "मालक, काळजी सोडा. डब्याचं मी बघती," म्हणाली. बाई शब्दाची पक्की वाटली.

१५ जुलै, मंगळवार

डबा घासून पुसून येतो. आरसा नुसता. आज आत कढीपत्त्याची हिरवीगार डहाळी आणि एक लिंबू.

शेजारणीचं भांडं मोकळं परत करू नये ही आपली रीत. मी संयोगिताला म्हणालो, "बघ, आठ दिवसांत पोरगी संसारी झाली. डबा मोकळा पाठवत न्हाई."

तिनं कढीपत्त्याचा वास घेतला. लिंबू फिरवून बघितलं. "आईचा डबा असा भरून पाठवत्यात व्हय कुणी?"

"मग?"

"काय न्हाई. जावा, गिऱ्हाईक आलंय."

गिऱ्हाईक आलेलं नव्हतं.

२३ जुलै, बुधवार

पंधरवड्याची तपासणी.

तोटे. मजल्यावर पोरी अठ्ठेचाळीस, न्हाणीघरं सहा, त्यातलं एक 'दुरुस्तीसाठी बंद', ते आमच्या पोरीच्या जन्माआधीपासून असावं. गरम पाणी पहिल्या नऊ जणींना. खोलीत किटली सापडली तर जप्त. रेक्टर मॅडमच्या कपाटात म्हणे एकवीस किटल्या आहेत आणि मॅडम स्वतः चहा बाहेरून मागवतात. रात्री नऊला फाटक बंद.

फायदे. जिला घरी तीन हाका मारून उठवायला लागायचं, ती पहिल्या नऊत नंबर लागावा म्हणून साडेचारला उठते. मला अठरा वर्षांत जे जमलं नाही ते एका बिघडलेल्या गीझरनं केलं.

संध्याकाळच्या फोनवर तिच्या मागं एक घरघर ऐकू येते.

"एक्झॉस्ट पंखा हाय. बारा इंची. बेरिंग सुकलंय," मी म्हणालो.

ती म्हणाली, "लायब्ररीत आहे पप्पा."

"लायब्ररीत ताटं कोण आपटतंय?"

"शेजारी... कॅन्टीन आहे."

विद्यापीठाची बांधणीच तसली. लायब्ररीला लागून कॅन्टीन काढणाऱ्या इंजिनियरला एकदा भेटलं पाहिजे.

डब्यात भाकरीच्या कडा तेवढ्या परत येतात. हे नवे लाड. संयोगिताला म्हटलं, पोरीला समज दे. ती म्हणाली, "समज कशाला? दातांनी तुटत नसंल." आणि आजपासून डब्यात भाकरीऐवजी मऊ घडीची पोळी आणि शेंगदाण्याचा कूट वस्त्रगाळ. अठरा वर्षांच्या पोरीच्या दातांना काय झालंय, कोण जाणे. सांगलीचं पाणी असेल.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

पंचमीला शिवांजली आली. काल रात्रीच पोचली. बरोबर खोलीतल्या दोघी, क्रांती आणि शिफा. क्रांती ढालगावकडची, चार वाक्यं बोलली, चारही परीक्षेबद्दल. शिफा लोणंदच्या कांद्याच्या व्यापाऱ्याची पोर, बडबडी. मिरवणूक बघून तिघी दुपारी घरी आल्या आणि पुरणाच्या दिंडांचं पातेलं मोकळं केलं.

रात्री संयोगितानं वांग्याची भाजी केली, कालच चिरून ठेवलेली, कारण आज चिरायचं नसतं. हीच भाजी आठवड्यातनं दोनदा डब्यात जाते. शिवांजली फोनवर सांगायची की शिफा या वांग्यावर तुटून पडते, मला दोन घास उरतात.

शिफानं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "काकी, आयुष्यात असलं वांगं खाल्लं नव्हतं."

शिवांजलीला ठसका लागला.

रोज खाऊन वर हे असं म्हणायचं म्हणजे बोलण्यात किती साखर! व्यापाऱ्याचं रक्त. मी बेहद्द खूश झालो. संयोगितानं शिफाच्या ताटात आणखी दोन वांगी वाढली आणि शिवांजलीकडं बघितलं. शिवांजली ताटाकडं बघत होती.

१७ ऑगस्ट, रविवार

आप्पासोचा फोन. त्याचा फोन म्हणजे हजेरी.

"दाजी, हॉस्टेल म्हंजे कंपनी कमांडर नसलेली बराक. खाना काय, पीना काय, कोण बघतंय?"

"खान्याचं मी बघतो. माझा डबा रोज जातो."

"डबा जातो. खातंय कोण?"

मला राग आला. दुकानात चार माणसं बसलेली, फोन स्पीकरवर. मी म्हणालो, "आप्पासो, ऐका. माझ्या पोरीनं मेसचा एक घास जरी खाल्ला असंल, तर दिवाळीला तिची बॅग मी माझ्या हातानं साताऱ्याला आणून देतो. एक घास!"

बसलेल्या चौघांनी माना डोलावल्या. आप्पासो म्हणाला, "ठीक. शब्द नोट केला."

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. संयोगिताच्या हातनं पळी निसटली म्हणे.

२८ ऑगस्ट, गुरुवार

गणपतीला शिवांजली तीन दिवस घरी. तांब्याची तार तोलायच्या काट्यावर तिला उभी केली. जुलैत चव्वेचाळीस होती, आता सत्तेचाळीस. तीन किलो! मी संयोगिताला हाक मारून काटा दाखवला. "हे तुझ्या डब्याचं काम."

"व्हय. डब्यानं अंग धरलंय खरं," ती म्हणाली. "कुणाचं ना कुणाचं."

शिवांजली बदललीय. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघते. दूधवाल्याला म्हणाली, "दादा, काल माप कमी होतं." तो चक्क वरचं घालून गेला. असला आवाज मला तेहतिसाव्या वर्षी आला होता.

मग दुकानात येऊन माझ्याकडं दोन ६२०२ बेरिंगं मागितली. "त्या पंख्यासाठी. कसं बदलायचं ते दाखवा."

"लायब्ररीचा पंखा तू का दुरुस्त करतीस? त्यांच्याकडं माणसं असतील की."

"अर्ज देऊन दीड महिना झाला. कुणीतरी करायला पायजे ना, पप्पा."

जुनं बेरिंग ओढून काढायला पुलर कसा लावायचा ते दाखवलं. पोरीचा हात चांगला आहे. माधवनगरला दस्तगीर उस्तादांनी मला हेच दाखवलं होतं, मी तेव्हा सोळा वर्षांचा. उस्ताद म्हणायचे, "नाथ्या, मोटर स्वतः सांगती तिला काय झालंय. तू फकस्त गप बस." रात्री यंत्रमागाच्या शेडमध्येच झोपायचो. माझ्याही आईचा डबा यायचा, दुधाच्या गाडीनं. सहाजण एकदम हात घालायचे, माझ्या वाटणीला एक चतकोर यायची. लय चांगले दिवस होते.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

डब्याची ये-जा वाढलीय. तिकडनं ओल्या शेंगा उकडून येतात, एकदा चिंच, एकदा केळफूल सोलून. इकडनं संयोगिता लसणाची चटणी वेगळ्या पुडीत, गुडघ्याला चोळायचं तेल, आणि आज तर तिच्या आईची नऊवारी घडी करून पिशवीत घातली.

"नऊवारी कशाला?"

"पोरीचं गॅदरिंग हाय."

"गॅदरिंग फेब्रुवारीत असतं."

"मग ऐनवेळी पळापळ नगं."

आणि गुडघ्याचं तेल? जिने चढून दुखत असतील, तिसरा मजला आहे. हा तोट्यांत लिहिला.

लायब्ररीतली घरघर थांबली. फोनवर आता पंखा कसा, लोण्यातून सुरी जावी तसा. पोरीनं बेरिंग बसवलं तर! मी दुकानातल्या सगळ्यांना फोन ऐकवला.

५ ऑक्टोबर, रविवार

आप्पासोचा पुन्हा फोन. साताऱ्याच्या कॉलेजात बोलून ठेवलंय, जागा आहे, मागची खोली रंगवून घेतलीय.

"दिवाळी पंधरा दिवसांवर आली, दाजी. शब्दाचं काय?"

"पोरगी मेसला शिवलेली न्हाई."

"बघितलंय?"

"मला बघायला लागत न्हाई. रोज फोनवर ऐकतो."

तो हसला. पलटणीत असलं हसणं शिकवत असावेत. "मोटर कानानं तपासता ते ठीक. पोर पण कानानंच? एकदा बघून तरी या."

शब्द झोंबला. संयोगिताला म्हणालो, शुक्रवारी मी स्वतः डबा घेऊन जाणार, न सांगता. तिच्या हातातलं पीठ हातातच राहिलं.

"धुळा नेतोय की."

"मीच नेणार."

"आवं, तिथं राहायला मिळावं म्हणून पोरगी जिवाचं रान करतीया. काय बघाल ते जरा... दमानं बघा."

मी काय भूत बघायला चाललोय?

१० ऑक्टोबर, शुक्रवार

जसं झालं तसं लिहितो.

साडेबाराला वसतिगृहाच्या फाटकाशी गाडी लावली. डबा हातात. फाटकाजवळच्या कट्ट्यावर रंगूबाई बसलेली, तोंड उतरलेलं. अंगावर नऊवारी, हिरव्या काठाची. माझ्या सासूची.

मला बघून ती उठली. "आवं मालक, तुमी! मी स्टँडावर दोन गाड्या बघितल्या. धुळा म्हणाला आज डबाच न्हाई. म्हटलं, बाईंस्नी बरं न्हाई का काय." मग तिची नजर डब्यावर गेली आणि चेहरा फुलला. "आणलासा व्हय! आज काय दिलंय बाईंनी?"

"तुमाला काय करायचंय?"

"आवं, जेवायचं हाय न्हवं," ती म्हणाली. आणि मग, एकदम, पदर तोंडाला लावला.

मी उभाच. डावीकडच्या इमारतीतून आवाज येत होता. बारा इंची एक्झॉस्ट, नवं ६२०२, लोण्यातली सुरी. हजार पंख्यांत ओळखला असता. पायच तिकडं गेले. दारावर पाटी होती, 'भोजनगृह'.

जाळीतून बघितलं. दीडशे पोरी, दीडशे ताटं. कट्ट्याच्या मागं उंच आचाऱ्यासमोर आमची शिवांजली, काखेत वही.

"काका, काल तेलाचे दोन डबे आलेत, वहीत तीन आहेत. तिसरा कुठंय?"

"येईल की संध्याकाळपर्यंत, ताई."

"येऊ दे. तोवर मी सही करत नाही. आणि भात मऊ झालाय. उद्या पाणी मी घालणार."

आचारी गप्प. माझ्यासमोर आजवर कुठला आचारी गप्प बसलेला नाही. भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलं होतं: मेस समिती, सचिव, शिवांजली नाथाजी. ऑगस्टपासून.

मग तिनं ताट घेतलं. शिफा आणि क्रांतीच्या मधे बसली आणि जेवायला लागली. मेसचा घास. एक नाही. मी उभा होतो तेवढ्यात अकरा.

शिफानं मला आधी बघितलं. तिचा हात ताटातच थांबला. शिवांजली वळली. ताट तसंच ठेवून बाहेर आली, हात खरकटा. दोघंही कट्ट्यावर बसलो. रंगूबाई लांब उभी.

"पहिले तीन दिवस खाल्ला पप्पा, खरंच," ती म्हणाली. "पण बाहेरचा डबा मेसमध्ये चालत नाही. सगळ्या खाली जायच्या, मी खोलीत एकटी. तिन्ही दिवस घास गिळायचा नाही. आईच्या हातचा असून. आणि मावशी जिन्यात बसून चहात बुडवून शिळी भाकरी खात होत्या. दात नाहीत त्यांना."

"सांगायचं होतंस."

"कधी? तुम्ही फोनवर पंख्याबद्दल बोलत असता." मग खाली बघून, "आणि नंतर मामाला तुम्ही शब्द दिला. आईनं सांगितलं मला. आता काय... भरू का बॅग?"

तिनं हे रडत विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती वही छातीशी धरून विचारत होती, आणि आचाऱ्याशी बोलताना होता तोच आवाज होता, फक्त तळाशी थोडा थरथरता. बेरिंग नवं असलं तरी लोड जास्त झाला की येतो तसा.

मी काही बोललो नाही. उस्तादांची आठवण झाली म्हणून नव्हे, सुचलंच नाही.

रंगूबाई पुढं आली. "मालक, पोरीला बोलू नगा. म्हैन्याचं पैसं मी परत करती."

"डबा घ्या मावशी," मी म्हणालो. "गार होतोय."

मग शिवांजली मला आत घेऊन गेली आणि पाहुण्याच्या कुपनावर जेवू घातलं. वरण बरं होतं. भात मऊ होता, ते पोरीचं खरं. वांगं आमच्या घरच्या वांग्याच्या पासंगालाही पुरत नाही, पण दोन्हीकडनं पोरी हसत असल्या की कळत नाही. मी दोनदा घेतलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

संयोगिताला विचारलं, "कवापासनं ठाऊक होतं?"

"कढीपत्ता आला त्या दिवसापासनं. लेक आईला डबा मोकळाच पाठवती. परकी बाईच त्यात काय तरी घालती."

"आणि दातांचं?"

"कडा परत यायच्या की."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमी मोटारी ऐकत हुता."

सकाळी डबा भरला. पोळ्या मऊ, वांगं चेचून, तेलाची बाटली संपत आली असेल म्हणून नवी. मी पिशवीवरचं जुनं लेबल फाडलं आणि नवं चिकटवलं: रंगूबाई, मुलींचं वसतिगृह. धुळानं वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि डबा बॉनेटवर ठेवला. तोही बहुतेक जुलैपासून जाणून होता.

अकराला आप्पासोचा फोन आला. मी स्पीकर बंद केला.

"बघून आलासा?"

"आलो. पोरगी तिथंच राहणार."

"म्हंजे मेसचं खाल्लेलं न्हाई?"

काल वसतिगृहातून निघताना शिवांजलीनं मेसच्या हजेरीच्या पानाचा फोटो माझ्या फोनवर पाठवला होता. म्हणाली, "आता खोटं नको, पप्पा." तो उघडला आणि आप्पासोला जसाच्या तसा वाचून दाखवला. मेसमध्ये न जेवलेल्या दिवसाला तिथं खाडा म्हणतात.

शिवांजली नाथाजी, खोली ३१४. ९ जुलै ते १० ऑक्टोबर. खाडे आठ: तीन सुरुवातीचे, दोन नागपंचमीचे, तीन गणपतीचे.